तीनशे मीटर चढून आलेलं पाणी

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या आमच्या कट्ट्यावर परवा टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाणीपट्टीवरून वादाला तोंड फुटलं. तात्या म्हणाले, "तीस-तीस वर्षं वाट बघितली, छावणीत जनावरं बांधली. आता कुठं पाणी आलं, तर लगेच पट्टी?"

वीज खात्यातून रिटायर झालेले आप्पा म्हणाले, "पाणी आलेलं नाही तात्या, चढवलंय. कराडजवळ कृष्णेतनं उचलायचं आणि पाच टप्प्यांत वर ढकलत आणायचं. बिल बघितलंय का कधी?"

आप्पांनी पेपरच्या कडेलाच आकडे मांडले. 1000 लिटर पाणी 300 मीटर उचलायला निव्वळ गणितानं 0.82 युनिट लागतं. पंप आणि पाइपात वाया जाणारी वीज धरली की 1 युनिटाच्या वर. एक टीएमसी म्हणजे 2.83 कोटी घनमीटर, म्हणजे एका टीएमसीला 3 कोटी युनिटांच्या आसपास वीज. आणि या योजनांच्या वीजबिलातले 81 टक्के सरकार भरतं, शेतकऱ्याकडं येतात 19.

चेन्नईला गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा, धंदा असलेला आमचा दोस्त गावी आलाय. तो म्हणाला, "1 युनिटात पडतंय तर नशीब समजा. आमच्याकडं समुद्राचं पाणी गोडं करतात, त्याला 1000 लिटरला 3 ते 4 युनिट जातात. 2019 ला तलाव आटले तेव्हा रेल्वेनं पाणी आणलं." मिरजेहून 2016 ला लातूरला गेलेली 'जलदूत' सगळ्यांनाच आठवली. आपल्याच जिल्ह्यातलं पाणी होतं ते.

तात्या मात्र गप्प बसणाऱ्यातले नाहीत. "कोयनेचं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वीज करायला पश्चिमेला सोडायची परवानगी हाय. ते वाशिष्ठीतनं समुद्राला जातं. त्याचा हिशोब कोण मागत नाही, आणि माझ्या पाच एकराचा मागताय व्हय?"

हा मुद्दा खरा आहे आणि दुष्काळी माणसानं तो मांडलाच पाहिजे. पण आप्पांनी त्याची दुसरी बाजू दाखवली. कोयनेचं 1000 लिटर पाणी सह्याद्रीवरून खाली पडताना साधारण 1 युनिट वीज देतं, आणि तेवढंच पाणी आपल्याकडं चढवायला जवळपास तेवढीच वीज खातं. ते पाणी कृष्णेत सोडून इकडं उचललं तर खर्च दुप्पट, कारण मिळणारी वीज गेली आणि वर उचलायची लागली. मला वाटतं, तरीही प्यायच्या पाण्यासाठी, चाऱ्यासाठी आणि घरटी एखाद्या एकराच्या ओलितासाठी तो खर्च सरकारनं बिनतक्रार करावा. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदा आटपाडीत याच मागणीवर उभ्या राहिल्या: घरटी समान पाणी, भूमिहीनालासुद्धा.

पण ऊस? इथं मी तात्यांच्या बाजूला नाही. पाटानं भिजवलेला एकरभर ऊस वर्षाला 8000 घनमीटरच्या घरात पाणी पितो. 300 मीटरच्या हिशोबानं एका एकरावर आठ-नऊ हजार युनिट. आमच्या घरात महिन्याला 150 युनिट जळतात, म्हणजे एका एकराच्या उसात चार-पाच घरांची वर्षाची वीज. रात्रीची पाळी आली की दांड फोडायचा, पाणी सरीत सोडायचं आणि घरी जाऊन झोपायचं. सकाळी बांधाखालची ओघळ भरून वाहत असते, कडंच्या बाभळीच्या बुंध्यापर्यंत चिखल. पाच पंपघरं ओलांडून आलेलं पाणी ते. बघून जीव तुटतो.

तात्या चिडले नाहीत, पण आवाज चढला. "डाळिंबाला तेल्या रोग आला, बागा उपटून बांधावर टाकल्या, तेव्हा कोण आलतं? उसाला निदान एफआरपी, सरकारनं ठरवलेला किमान दर, तरी हाय. गाडी भरली की पैशाची आशा तरी असते." यावर कट्ट्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही. डाळिंब, द्राक्ष, भाजीपाला, कशालाच हमी नाही. जोवर ती नाही, तोवर उसाला नावं ठेवणं म्हणजे एकट्या शेतकऱ्यावर सगळा जोखमीचा बोजा टाकणं.

सौर विजेचा विषय निघालाच. आप्पांचं म्हणणं, उन्हाळ्यात ऊन भरपूर पण नदीत पाणी कमी. पावसाळ्यात कृष्णेला पूर, तेव्हा ढग. म्हणून पुराचं पाणी ग्रिडच्या विजेवर उचलून तलाव भरायचे आणि उन्हाळ्यात दिवसा सौर पंपानं शेतात द्यायचं. मला हे पटलं. बंदिस्त पाइपातून दाबानं पाणी शेतापर्यंत आलं तर ठिबकला वेगळी मोटारही लागत नाही.

मी म्हटलं, पाणीपट्टीच्या पावतीवर रुपयांबरोबर युनिटही छापा. किती वीज प्यायली ते प्रत्येकाला दिसू दे. आप्पा त्याच्याही पुढं गेले: पाटानं ऊस भिजवणाऱ्याला 81 टक्के नकोतच, ठिबकवाल्यालाच द्या.

"करतो ठिबक," तात्या म्हणाले. "पण आधी शेवटच्या वावरापर्यंत दाब पोचवा. आमच्या टोकाला व्हॉल्व उघडला की नुसती हवा येती. आणि अनुदान ठिबक बसवायच्या आधी द्या, दोन वर्षांनी नको."