‘खोल गेलं की पाणी लागतंच’ या मेसेजला उत्तर

उन्हाळा तापला की गावागावांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. जमिनीखालचं पाणी कधी संपत नाही, शास्त्रज्ञांना पृथ्वीच्या पोटात समुद्रांच्या तिप्पट पाणी सापडलंय. बोअर आटलं तर आणखी खोल घ्या. एक दमदार पावसाळा झाला की सगळं भरून येतं. सरकारचेच आकडे सांगतात की आपण जेमतेम निम्मं पाणी उपसतो. तेव्हा शेतकऱ्याच्या बोअरवर बंधनं घालणं म्हणजे निव्वळ छळ.

समुद्राचं आधी उरकून घेऊ. 2014 साली रिंगवुडाइट नावाच्या खनिजावरच्या संशोधनाची बातमी आली, तिथून हे सुरू झालं. हे खनिज 410 ते 660 किलोमीटर खोलीच्या पट्ट्यात असतं आणि ‘पाणी’ म्हणतात ते त्याच्या स्फटिकात रासायनिक बंधानं अडकलेलं आहे. तिथं तळं नाही की झरा नाही. माणसानं पाडलेलं सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे. जवळपास दोन दशकं खपून ते 12 किलोमीटरच्या थोडं पुढं गेलं. आपली साडेसात एचपीची मोटर कुठवर पुरणार?

खरा घोळ दुसऱ्या मुद्द्यात आहे, कारण तो अनुभवाचा वाटतो. शेजाऱ्याला 300 फुटांवर लागलं, मग मला 500 वर का लागू नये?

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो झाला. या खडकाला अंगची सच्छिद्रता नाहीच म्हटलं तरी चालेल. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. बोअर घेताना गाडीजवळ उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. आधी तांबूस मुरूम येतो, मग करडी भुकटी, मध्येच गेरूसारखी लाल माती, की पुन्हा करडी भुकटी. ओल लागली तर बहुतेकदा वरच्या शे-दोनशे फुटांत लागते. त्याखाली भेगा विरळ होत जातात आणि धुरळा कोरडा उडू लागतो. गाडीवाल्याचा मीटर मात्र फुटावर चालतो. पाणी लागो न लागो, पैसे मोजायचेच.

आणि 500 फुटांवर ‘लागलेलं’ पाणी कुठलं असतं? केसिंग, म्हणजे भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून घातलेला पाइप, टाकतात ते वरच्या भुसभुशीत भागापुरतं, वीस-चाळीस फूट. त्याखालचं भोक उघडंच राहतं. मग वरच्या थरातलं पाणी, ज्यावर आजूबाजूच्या विहिरी चालतात, ते त्या भोकातून खाली पडायला लागतं. बोअरच्या तोंडाला कान लावला तर धार पडल्याचा आवाज येतो आणि लोक खूश होतात, खाली झरा फुटला म्हणून. अनेकदा तो झरा शेजारच्या विहिरीचा असतो. दोन-तीन उन्हाळ्यांत तिचा तळ दिसतो, शेजारी बोअर घेतो आणि तुमच्यापेक्षा शंभर फूट खोल जातो. पाणी तेवढंच राहतं, कर्जदार एक वाढतो.

क्वचित खरंच खोलवर भेग लागते. पण ती भरायला वर्षानुवर्षं लागलेली असतात आणि रिकामी व्हायला दोन हंगाम पुरतात. खडकाशी जास्त काळ संपर्कात राहिलेल्या पाण्यात क्षारही जास्त उतरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडनं दात पिवळे-तपकिरी पडतात, सांधे आखडतात. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्यातली कमाल मर्यादा आहे.

पावसाळ्यात सगळं भरतं, या मुद्द्यापाशी जरा हिशेब करू. समजा 600 मिलिमीटर पाऊस झाला. बेसाल्टमध्ये त्यातला ढोबळमानानं दहावा हिस्सा मुरतो, म्हणजे 60 मिलिमीटर. पाटपाण्यावरच्या उसाला हंगामभरात 2000 मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाचं सगळं वजा केलं तरी 1400 उरले. 1400 भागिले 60, म्हणजे एक एकर ऊस साधारण 23 एकरांवर मुरलेलं पाणी पितो. शेतात दिलेल्यातलं काही परत मुरतं, हे मान्य. ते धरून पंधरा-सोळा एकर म्हणा. उरलेल्या एकरांचे मालक कोण, हे मेसेजमध्ये नसतं. लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून 5 लाख लिटर. पाऊस दगा देतो हे खरंच आहे. पण त्याच जिल्ह्यात ऊसही उभा होता.

सरकारी आकड्यांचं म्हणाल तर तो आकडा बरोबर आहे. राज्याचा उपसा वार्षिक उपलब्ध भूजलाच्या निम्म्याहून थोडाच जास्त निघतो. पण या सरासरीत कोकणही आहे आणि सिंधुदुर्गात मुरलेलं पाणी विदर्भातल्या वरूडच्या संत्र्याला मिळत नाही. वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा आणि यावल-रावेरचा केळीपट्टा ‘अतिशोषित’ म्हणून नोंदले गेले आहेत. म्हणजे तिथं वर्षाला भरतं त्याहून जास्त उपसलं जातं. यावल-रावेर तर तापीच्या गाळाचा प्रदेश, पाणी धरायला बेसाल्टपेक्षा कितीतरी चांगला. तिथं ही गत आहे.

राहिला छळाचा मुद्दा. शहरं आणि कारखानेही बेसुमार उपसतात, बांधकामांवर आणि सोसायट्यांत टँकर कुठून येतात हे कुणी विचारत नाही. हा राग रास्त आहे. तरी देशातल्या भूजल उपशापैकी 85 टक्क्यांहून जास्त सिंचनाला जातो. शिवाय बंधनं नाहीत म्हणून फायदा कुणाचा होतो? ज्याला एकामागून एक चार बोअर फेल गेले तरी परवडतं, त्याचा. चाळीस फुटी विहिरीवर कांदा काढणारा सगळ्यात आधी कोरडा पडतो. बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरून ठेवणं हा तर उघड उन्हाला नैवेद्य आहे.

आणि बंधनं कसली? 1993 च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई केली. 2009 च्या भूजल अधिनियमात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना आवर घालायची तरतूद आहे. 60 मीटर म्हणजे दोनशे फुटांच्याही आत. आज पाचशे फुटांचे दर पाटीवर लिहिलेले असतात. छळ झालेला दिसत तरी नाही.

जिथं बंधन खरंच पाळलं गेलं ते हिवरे बाजार. जेमतेम 400 मिलिमीटर पावसाचं गाव. तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं तिथं ग्रामसभेनं शेतीसाठी बोअर बंद केले, उसाला नकार दिला आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. रब्बीत काय पेरायचं ते त्या ताळेबंदावरून ठरतं. ही शिस्त सोपी नाही आणि प्रत्येक गावाला तसा पुढारी मिळत नाही. पण ताळेबंदाला लागणारी आकडेवारी दुर्मीळ नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी पुढच्या वेळी आपल्या जवळच्या निरीक्षण विहिरीची गेल्या दहा वर्षांतली मे महिन्याची पातळी खाली जोडावी. मग बोलू.