छाती भरदार असली की मोठी रायफल पेलते म्हणे!

एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय, सोबत तो जुनाच व्हिडिओ, .५७७ टायरानोसॉर नावाची रायफल (असा आकडा म्हणजे साधारण नळीचा व्यास, इंचात), एकेक धट्टाकट्टा गडी बार काढतोय आणि मागे धडपडतोय, कुणाच्या हातातून तर रायफलच सुटून जमिनीवर. मेसेजचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आफ्रिकेत हत्ती, बफेलो मारायच्या मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद भोकाच्या नळीच्या, रायफली म्हणजे निव्वळ ताकदीचं काम, किडकिडीत माणसाचा खांदा निखळतो. बोअर जितका मोठा तितका धक्का. बट, म्हणजे रायफलीचं खांद्याला टेकणारं टोक, खांद्यात दगडासारखं आवळून धरायचं. टेबलावर टेकवून रोज पाच-पन्नास बार काढले की अंगवळणी पडतं. नाहीच जमलं तर नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारी भोकांची टोपी, लावा, विषय संपला. आणि शेवटी, जेवढी मोठी गोळी तेवढं जनावर जागेवर आडवं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, त्यामुळे या रायफली बहुतेकांनी एकतर राजवाड्याच्या म्युझियममध्ये काचेमागे बघितल्यात नाहीतर मोबाईलवर, म्हणून असलं काहीही खपतं. पण दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, टांझानिया इकडे हे रोजचं काम आहे आणि तिथे हे कसं करतात यात गूढ असं काही नाही. तर एकेक मुद्दा घेऊ.

आधी ताकद. तो व्हिडिओ आवाज बंद करून परत बघा, आणि रायफल बघू नका, माणूस उभा कसा आहे ते बघा. रायफल जड, म्हणून कंबरेतून मागे झुकलेला, वजन टाचांवर, पाय जवळजवळ. म्हणजे बार उडायच्या आधीच तो अर्धा पडलेला आहे! अशा उभ्या माणसाला साध्या धक्क्यानेही तोल सावरता येणार नाही आणि इथे तर ७५० ग्रेनची, म्हणजे जवळपास ४९ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसातशे मीटरने निघालीय. ही रायफल १९९३ साली ए-स्क्वेअर कंपनीने झिम्बाब्वेतल्या शिकारीच्या गाइड लोकांसाठी काढली, जखमी हत्ती अंगावर आला तर थांबवायला म्हणून, शिकारीला आलेल्या पाहुण्यांना गंमत दाखवायला नव्हे. बरोबर उभं राहायचं म्हणजे डावा पाय पुढे, गुडघा किंचित सैल, वजन पुढच्या पायावर, नाक पुढच्या पायाच्या अंगठ्याच्या रेषेत. मग धक्का आला की धड मागे जातं, मागचा पाय अडवतो, संपलं. आणि किडकिडीत माणसाचं म्हणाल तर बऱ्याचदा उलटच होतं, हलका माणूस धक्क्याबरोबर मागे जातो, आडदांड माणूस जागचा हलत नाही आणि सगळा मार खांद्यातच जिरवतो. खांदा निखळायच्या गोष्टीत बहुतेक वेळा बट खांद्याच्या खोबणीत नसून दंडावर टेकवलेलं असतं, नाहीतर स्टॉकची, म्हणजे रायफलीच्या दस्त्याची, लांबी त्या माणसाच्या मापाची नसते.

मापाचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबतो, कारण मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही आणि खरा खेळ इथेच आहे. स्टॉक लांब असला की बट बाहेर दंडाकडे सरकतं, आखूड असला की स्वतःचाच अंगठा नाकावर आपटतो. काही जुन्या रायफलींचं बट नळीच्या रेषेपेक्षा बरंच खाली उतरलेलं असतं, लोखंडी माशीने, म्हणजे नळीवरच्या नेमाच्या खुंटीने, नेम धरायला ते सोयीचं, पण धक्क्यात नळी वर उडते आणि स्टॉक गालाच्या हाडावर येतो. सरळ स्टॉकमध्ये तोच धक्का सरळ मागे जातो. बटाची मागची बाजू रुंद असेल तर तोच मार जास्त जागेवर पसरतो. रबरी पॅडही त्यासाठीच, पण पॅड ऊर्जा कमी करत नाही, तिला थोडा जास्त वेळ देतो एवढंच. आणि स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण! डोळा आणि स्कोप यात ९-१० सेंटीमीटर अंतर लागतं, ते नसलं की भुवईवर अर्धचंद्राकृती चीर पडते, रक्त डोळ्यात, चार टाके. चढावर नेम धरताना मान आपोआप पुढे जाते, तिथे तर हमखास. तुमच्या बायसेपचा याच्याशी काय संबंध?

आता बोअर जितका मोठा तितका धक्का. ऐकायला बरोबर वाटतं पण अर्धवट आहे. धक्का म्हणजे गोळी आणि तिच्यामागून निघणारा दारूचा गॅस यांचा संवेग रायफलीला उलट दिशेने मिळतो, आणि तो रायफलीच्या वजनाने भागला की तिचा मागे येण्याचा वेग मिळतो. .६०० नायट्रो एक्सप्रेस घ्या, ९०० ग्रेनची गोळी, म्हणजे ५८ ग्रॅम, पण ती दुनळी रायफल ७ किलोच्या पुढे असते, म्हणून ती साधारण सेकंदाला पावणेसहा मीटरने मागे येते. .४६० वेदरबाय हिची गोळी ५०० ग्रेनची, बरीच लहान, पण दारू भरमसाट आणि रायफल साडेचार किलोच्या आसपास, ती येते सेकंदाला ८ मीटरच्या घरात! एकूण संवेग .६०० चा जास्त, तरी ती ढकलते आणि वेदरबाय फटका मारते. तुलनेला, थर्टी-ओ-सिक्स (.३०-०६, नेहमीची मध्यम शिकारी रायफल) साडेतीन-पावणेचार किलोची असेल तर ४ मीटरच्या आसपास. ऊर्जेत बोलायचं तर थर्टी-ओ-सिक्स साधारण २० फूट-पाउंड, .३७५ एच अँड एच ४०, .४५८ विंचेस्टर ६०, .४६० वेदरबाय १०० च्या वर. म्हणून मोठ्या बोअरची रायफल हलकी केली म्हणून कुणी खूश होत असेल तर त्याला दिवसभर खांद्यावर वागवायला बरी पडेल, बार काढायला नाही.

दगडासारखं आवळून धरा, यात अर्धं खरं आहे म्हणून ते जास्त घातक. बट आणि खांदा यात फट नको हे शंभर टक्के, फट असली की रायफल त्या फटीत वेग घेऊन आदळते. पुढच्या हाताने फोरएंड, म्हणजे नळीखालचा दस्ता, घट्ट धरून मागे ओढायचा, दुनळीला तर जास्तच, नाहीतर नळ्या हातातून वर उडतात. पण पकड घट्ट म्हणजे अख्खं अंग ताठ नव्हे. लेदर बॉलचा कॅच घेताना हात मागे घेतोच ना आपण, तसं धड मागे जाऊ द्यायचं. झाडाच्या बुंध्याला, भिंतीला पाठ टेकवून मोठ्या बोअरचा बार चुकूनही काढू नये, मागे जायला जागाच उरत नाही.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, .४५८ ची गोळी नळीत असते जेमतेम दीड-दोन मिलिसेकंद. तेवढ्यात रायफल मागे सरकते फक्त ५ मिलिमीटर. माणसाला प्रतिक्रिया द्यायला याच्या शंभरपट वेळ लागतो! म्हणजे धक्का जाणवतो तोवर गोळी गेलेली असते, तो ‘आवरून’ त्या गोळीचा नेम सुधारत नाही. नेम बिघडतो तो धक्क्याच्या आधी, धक्क्याच्या भीतीने अंग चोरल्यामुळे, डोळे मिटल्यामुळे, ट्रिगर हिसकल्यामुळे. याचा अर्थ पकडीचा काहीच परिणाम नाही असं नाही हां, त्या ५ मिलिमीटरमध्येही नळी थोडी हलते, म्हणूनच तर दुनळीच्या दोन नळ्या ठराविक काडतुसावर जुळवाव्या लागतात, नुसत्या समांतर ठेवून दोन्ही गोळ्या एका जागी पडत नाहीत.

त्यावरून टेबलाच्या मुद्द्यावर येतो, आणि हा मला सगळ्यात वाईट सल्ला वाटतो. टेबलाशी बसलेला माणूस पुढे वाकलेला, कोपर रोवलेले, धड मागे जाऊच शकत नाही, म्हणून तीच रायफल उभ्याने काढलेल्या बारापेक्षा बसून जास्त लागते. पालथं पडून तर विचारूच नका, तिथे थेट गळपट्टीचं हाड. टेबल हवं ते फक्त स्कोप किंवा माशी जुळवायला, तेही खांद्यामागे वाळूची पिशवी किंवा जाड पॅड घेऊन, मोजके बार, आणि उठायचं. रोज पन्नास बार काढलेत तर अंगवळणी पडेल ते अंग चोरणं. खांद्याला आधी कळतं, मग मेंदूला, आणि एकदा ती सवय लागली की घालवायला काही महिने जातात. त्यापेक्षा सराव पॉइंट टू-टू वर, म्हणजे .२२ च्या छोट्या रायफलीवर, करा, मग थर्टी-ओ-सिक्स, मोठी रायफल हातात घेऊन रिकामा ट्रिगर भरपूर दाबा आणि खरे बार तिपाईच्या काठ्यांवर नळी टेकवून उभ्याने, दिवसाला थोडेच. आफ्रिकेत शिकारीत तसंही टेबल नसतं, काठ्याच असतात.

अंग चोरतोय की नाही हे तपासायची रीत जुनीच आहे. रायफल दुसऱ्याने भरायची, मधूनच खोटं काडतूस घालायचं, तुम्हाला सांगायचं नाही. खट्ट असा नुसता आवाज येतो आणि नळी खाली डुचमळते, ती डुचकी सगळ्यांना दिसते. मग कितीही मिशा पिळा. या भीतीत आवाजाचा वाटा मोठा असतो म्हणून सरावाला कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. नुसतं एवढं केलं तरी ‘अरे, ही रायफल आज मऊ वाटतेय’ म्हणणारे असतात.

आपल्या कोल्हापूरकडच्या पोरांसाठी एक बाजूला सांगतो. तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे ५० मीटर रायफल घराघरात पोचली, छानच, पण ते पॉइंट टू-टू चं तंत्र, शरीर पुतळ्यासारखं स्थिर, जड रायफल, धक्का नावालाच. ट्रिगर आणि श्वास तिथून शिका, उभं राहणं नको. तिथे उभ्याने मारताना धड मागे कललेलं असतं, मोठ्या बोअरला तेच करायला गेलात की त्या व्हिडिओत तुम्हीही.

मझल ब्रेक. धक्का कमी करतो, खरंय, चांगला ब्रेक तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. पण तो फक्त गॅस वळवतो, गोळीच्या वाट्याचा धक्का तसाच राहतो, आणि वळवलेला गॅस जातो कुठे? बाजूला. बाजूला उभा असतो गाइड, त्याच्या पलीकडे माग काढणारा ट्रॅकर, दोघांच्या कानात काही नाही कारण त्यांना झुडपात पान हललेलं ऐकायचंय. १४० डेसिबलच्या वर एका आवाजातही कानाला कायमची इजा होऊ शकते आणि मोठी रायफल ब्रेक नसतानाही १६० च्या आसपास असते. म्हणून कितीतरी गाइड पाहुण्याला सरळ सांगतात, ब्रेक काढ नाहीतर माझ्याबरोबर येऊ नकोस.

राहिला जेवढी मोठी गोळी तेवढं जनावर आडवं. कॅरामोजो बेल या जुन्या हत्ती-शिकाऱ्याने हजाराच्या घरात हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे .२७५ रिग्बीने, हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते बघून ठेवलं होतं त्याने. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७ साली भेट मिळाली ती रायफलही .२७५ रिग्बीच. आता लगेच .२७५ घेऊन बफेलोमागे जा असं मी म्हणत नाहीये, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही किमान हद्द कायद्यानेच ठरलेली आहे आणि ती योग्यच आहे, कॉर्बेटही नरभक्षकामागे जाताना .४५०/४०० दुनळी वापरायचाच. पण .३७५ वर ज्याचा पहिला बार जागेवर बसतो आणि दुसरा लगेच निघतो, त्याला गाइड आनंदाने बरोबर नेतो. .४५८ काढून डोळे मिटणाऱ्या पाहुण्याच्या मागे मात्र त्याला स्वतःची रायफल तयार ठेवून उभं राहावं लागतं, कारण पोटात गोळी लागलेला बफेलो झुडपात शिरला की त्याच्यामागे जायचं असतं गाइडला, मेसेज लिहिणाऱ्याला नाही.