कोरियाचं उदाहरण द्यायचं तर 1949 पासून द्या

दर 15 ऑगस्टला गावाकडच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोच. साठ साली कोरिया आपल्यासारखाच कंगाल होता, मग पार्क चुंग-ही नावाचा जनरल आला, त्याने अठरा वर्षं दांडकं चालवलं आणि देश कुठल्या कुठे गेला. आपल्याला लोकशाही आयती मिळाली म्हणून तिची किंमत नाही. खाली तीसेक अंगठे. यंदा मेसेजला शेपूट फुटलं होतं: वीसच्या आत पट असलेल्या झेडपीच्या शाळा बंद करा, तो पैसा एमआयडीसीला द्या, आधी कारखाने येतात आणि मग शाळा आपोआप सुधारतात. कोरियाने तेच केलं म्हणे.

कोरियाने नेमकं उलटं केलं.

15 ऑगस्टला इथे दक्षिण कोरियातही, जिथे मी राहतो, सुट्टी असते, त्यामुळे असले मेसेज सावकाश वाचले जातात आणि डोकं जास्त फिरतं. 1945 साली त्या दिवशी जपानी अंमल संपला तेव्हा इथली साक्षरता 22 टक्क्यांच्या आसपास होती. सुमारे 65 टक्के शेतजमीन कुळं कसत होती आणि निम्मं पीक मालकाच्या घरी जात होतं. मार्च 1946 मध्ये कोरियाच्या उत्तर भागाने जमीनदारांना एक पैसाही न देता जमिनी वाटून टाकल्या. दक्षिणेचा पहिला राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही काही समाजवादी नव्हता, पण शेजारची आग त्याला दिसत होती. म्हणून 1949 चा जमीनसुधारणा कायदा. 1950 साली तो दुरुस्त झाला आणि अमलात आला.

कायद्याचं गणित बघण्यासारखं आहे. कमाल मर्यादा तीन जोंगबो, म्हणजे साडेसात एकरांच्या आत. त्यावरची, आणि मालक स्वतः कसत नसलेली, जमीन सरकारने घ्यायची. किंमत ठरली वर्षाच्या सरासरी पिकाच्या दीडपट. कुळाने पाच वर्षं दरसाल पिकाचा 30 टक्के भाग भरायचा की जमीन त्याच्या नावावर. म्हणजे काल निम्मं पीक खंड म्हणून मोजणारा माणूस आज तीस टक्के हप्ता भरत होता, आणि सहाव्या वर्षी तोही बंद. (1950 च्या कोरियन युद्धामुळे वर धान्यातला करही लागला, तेव्हा सगळं गोड होतं असं नाही.) मालकांना रोखे मिळाले आणि युद्धातल्या महागाईने त्यांची रद्दी झाली. पळवाट होती ती शिक्षणसंस्थांच्या नावच्या जमिनींना मिळणाऱ्या सवलतीची. तेवढ्यासाठी कित्येक जमीनदारांनी शाळा काढल्या. आपले शिक्षणसम्राट आठवले असतील. फरक इतकाच की इथे जमीन जाते म्हणून शाळा निघाली, आपल्याकडे शाळा निघाली की जमीन वाढते.

मग शाळा. सहा वर्षांचं सक्तीचं प्राथमिक शिक्षण जून 1950 मध्ये सुरू झालं आणि त्याच महिन्याच्या 25 तारखेला युद्ध. बुसानच्या टेकड्यांवर तंबूत आणि उघड्यावर वर्ग भरले. 1954 ते 59 अशी सहा वर्षांची योजना आखली आणि 1959 साली प्राथमिक शाळेच्या वयाची 96 टक्के मुलं पटावर होती. हे जादूने झालं नाही. एका वर्गात सत्तर-ऐंशी पोरं, शहरांत दोन-दोन, तीन-तीन पाळ्या. पाठ्यपुस्तकांसाठी युनेस्को आणि युएनक्रा या संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया-पुनर्बांधणी संस्थेच्या मदतीने 1954 साली उभा केलेला छापखाना. आणि पालकसंघाची वर्गणी, जिच्यातून शाळेचा वरखर्च आणि शिक्षकांच्या पगारातली तूट भागायची. सक्तीचं होतं, फुकट नव्हतं. ही वर्गणी भरता आली कारण घरात स्वतःच्या शेताचं पीक येत होतं. जमीन आणि शाळा यांना वेगवेगळं बघणाऱ्यांना कोरिया कळायचा नाही.

आणि पार्क? तो 16 मे 1961 ला आला. तोपर्यंत एक सरकार पडलंसुद्धा होतं. मार्च 1960 ची निवडणूक ऱ्हीच्या माणसांनी उघडउघड लुटली. मासानच्या निदर्शनांत बेपत्ता झालेल्या एका शाळकरी पोराचं प्रेत एप्रिलमध्ये बंदरात तरंगताना सापडलं, डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं रुतलेलं. 19 एप्रिलला सोलच्या रस्त्यावर कॉलेजची मुलं होती आणि शाळेचीही. आठवड्याभरात ऱ्ही गेला. गरीब देश, कारखाने नाहीत, आणि वाचता येणारी पहिली पिढी रस्त्यावर. मेसेजमधला क्रम इथेच मोडतो.

पार्कच्या पदरी जे आहे ते टाकू. 1969 पासून, सोलपासून सुरुवात करून, मिडलस्कूलची प्रवेशपरीक्षा काढून टाकली आणि चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले. बड्या शाळांचा तोरा एका फटक्यात उतरला. तांत्रिक हायस्कुलं काढली. पण सोलच्या गुरो औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत विग आणि कपडे शिवायला ज्या मुली आल्या, त्यांना सूचना वाचता येत होत्या, हिशेब येत होता. ते भांडवल त्याला तयार मिळालं होतं.

त्या कारखान्यांची दुसरी बाजू म्हणजे जॉन थे-इल. सोलच्या प्योंगह्वा मार्केटमधला कपडे बेतणारा कारागीर, वय 22, शाळा अर्धवट सुटलेली. पोटमाळ्यावर, जिथे ताठ उभंही राहता येत नाही, तिथे किशोरवयीन मुली दिवसाचे चौदा-पंधरा तास शिवणकाम करत. त्याला कळलं की देशात 1953 पासून कामगार कायदा आहे. त्याने तो मिळवला आणि अडला, कारण कायदा चिनी अक्षरांनी भरलेला होता. एखादा कॉलेजात शिकणारा मित्र असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. 13 नोव्हेंबर 1970 ला त्या कायद्याच्या पुस्तकासह त्याने स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर कॉलेजची मुलं कामगारवस्त्यांत रात्रशाळा चालवायला गेली, आणि 1987 च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक पदरात पडली तिची मुळं त्या रात्रशाळांतही आहेत. दांडक्याने देश घडवला म्हणणाऱ्यांनी दांडकं कुणी मोडलं तेही फॉरवर्ड करावं.

आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नव्हतं असं थोडंच आहे? सयाजीरावांनी बडोद्यात 1906 साली सक्ती केली, शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1917 साली. गोखल्यांनी 1911 साली विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी पाडलं गेलं. राज्यघटनेने दहा वर्षांची मुदत घातली आणि शिक्षणहक्क कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. 1 एप्रिलच, बरं का: 1957 सालच्या याच तारखेला कूळकायद्याने मुंबई राज्यातली कुळं मालक झाली, निदान कागदावर. जिथे ती खरोखर झाली तिथल्या घरांतून कोण शिकून बाहेर पडलं हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजावं.

इथल्या ज्या गोष्टी उचलण्यासारख्या आहेत त्यांचा मेसेज कधी येत नाही, कारण त्या कंटाळवाण्या आहेत. देशाच्या अंतर्गत करांतले 20.79 टक्के कायद्यानेच स्थानिक शिक्षणाला जातात. अर्थमंत्र्याच्या मूडवर काही नाही. सरकारी शाळेतला शिक्षक चार-पाच वर्षांनी बदलतोच. अवघड क्षेत्र आपल्याकडेही आहे, पण तिथे तीन वर्षं काढायची ती सुटका मागण्यासाठी. इथे दूरच्या बेटावर काढलेल्या वर्षांचे गुण बढतीत मोजतात, म्हणून लोक मागून जातात.

लगेच कुणीतरी म्हणेल, मग हागवॉनचं, म्हणजे इथल्या खाजगी क्लासचं, काय. बरोबर आहे, मला तिथेच पकडायचं. 2024 साली पालकांनी खाजगी शिकवण्यांवर 29.2 ट्रिलियन वॉन घातले, पोरं दरवर्षी कमी होत असताना. सोलमध्ये रात्री दहाला शिकवण्या बंद करायचा नियम आहे. दहाला बाहेर उभी असलेली बसची रांग बघितली की नियम किती गरजेचा आहे ते कळतं. 2023 साली जननदर, म्हणजे एका बाईमागे मुलं, 0.72 वर आला. गावोगावच्या शाळा बंद पडतायत त्या मुलंच नाहीत म्हणून. आपल्यासारख्या मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्लिश मीडियमला निघून गेली म्हणून नाही. सुनुंगच्या, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेच्या, दिवशी इंग्रजी ऐकण्याच्या पेपराला 35 मिनिटं विमानं उतरत नाहीत, वरच घिरट्या घालतात. त्याचा फोटो मात्र ग्रुपवर कौतुकाने येतो: बघा, शिक्षणाला किती मान. मान कसला, धास्ती आहे ती.

दांडक्याच्या भक्तांसाठी इथे एक गंमत आहे. पार्कनंतर सत्ता बळकावणारा जनरल चुन दू-ह्वान याने 1980 साली खाजगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली. ग्वांग्जूत स्वतःच्या लोकांवर सैन्य घालणारा माणूस, त्याच वर्षी. तरी शिकवण्या संपल्या नाहीत, चोरून चालू राहिल्या आणि महागल्या. बंदी ढिली होत गेली आणि 2000 साली घटना न्यायालयाने ती रद्द केली. लातूरच्या क्लासवाल्यांनी निर्धास्त असावं.

3 डिसेंबर 2024 च्या रात्री साडेदहाच्या सुमाराला इथे मार्शल लॉ जाहीर झाला आणि एकच्या ठोक्याला संसदेने 190 विरुद्ध शून्य मतांनी तो उडवला. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले, बाहेर गर्दी सैनिकांना अडवून उभी. ग्रुपवर दुसऱ्या दिवशी काय? 'एवढी लोकशाही पण बरी नव्हे.'

पार्कने 1961 साली स्थानिक परिषदा बरखास्त केल्या, त्या 1991 मध्ये परतल्या. आता प्रांताचा शिक्षणप्रमुखसुद्धा लोक थेट निवडतात; त्या मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसतं. आपल्याकडे 2022 साली मुदत संपल्यावर बहुतेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हातात राहिल्या. शाळा झेडपीच्या आणि झेडपीत निवडून आलेलं कुणी नव्हतं. हवा होता तो पार्क छोट्या मापात मिळालाच होता की, त्याने कुठल्या वर्गखोलीचं छप्पर शाकारलं?

एफ-5, म्हणजे कायम वास्तव्याचा व्हिसा, घेऊन तीन वर्षं झाली की इथे स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, शिक्षणप्रमुखालाही. मी देतो. ज्यांची भाषा मला अजून धड येत नाही त्यांच्या शाळा कुणी चालवाव्यात, हे मला विचारलं जातं. गावाकडे मत द्यायचं तर केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं. त्यासाठी मी आजवर एकदाही तिकीट काढलेलं नाही. ग्रुपवर उत्तर मात्र पाच मिनिटांत जातं.