दुसरा डीबी, वेगळा रॉड आणि अर्थिंगचा गैरसमज

जुन्या घरात मजला वाढला की दुसरा डीबी, म्हणजे एमसीबी-स्विचचा वाटप डबा, येतो. त्यासाठी एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय: 'मुख्य डीबीपासून अर्थची वायर ओढायची गरज नाही. नव्या डीबीजवळ जमिनीत अर्थिंगचा रॉड ठोका, न्यूट्रल आणि अर्थ तिथेच जोडून टाका, शेवटी दोन्ही एकच. एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर मोठा बसवा.' हे वाचून लोक खरोखर तसं करतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

'रॉड पुरेसा आहे.' हिशेब करून पाहा. रॉडचा जमिनीशी रोध 25 ओहम धरला आणि 230 व्होल्टची फेज मशीनच्या पत्र्याला लागली, तर प्रवाह वाहतो 9.2 अँपिअर. 16 अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचाच लोड वाटतो. तो पडत नाही आणि पत्रा जिवंत राहतो. न्यूट्रल आणि अर्थ पुरवठ्याच्या तोंडाशी जोडलेले असतील, तर मुख्य डीबीपर्यंतच्या तांब्याच्या वायरीतून हाच दोष शेकडो अँपिअर ओढतो आणि एमसीबी क्षणात पडतो. घराचं अर्थिंग निव्वळ रॉडवर असेल, म्हणजे टीटी पद्धत असेल, तर 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय, म्हणजे प्रवाह अर्थकडे गळला की पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय, ते अपुरंच. शिवाय न जोडलेल्या दोन रॉडमध्ये जवळपास वीज पडताना मोठा विद्युतदाब तयार होतो आणि तो दोन्ही डीबींवरच्या उपकरणांना जोडणाऱ्या केबलमधून वाट काढतो.

'न्यूट्रल आणि अर्थ एकच.' खरा धोका इथे आहे. न्यूट्रलमधून प्रवाह रोज परततो. अर्थमधून फक्त बिघाडाच्या वेळी जावा. टीटी पद्धतीत ग्राहकाने हे दोन्ही कुठेच जोडायचे नसतात. ज्या पद्धतीत जोडतात, तिथेही पुरवठा घरात शिरतो त्या एकाच जागी. पुढच्या कुठल्याही डीबीत नाही.

एका घराच्या वरच्या डीबीत मी अर्थच्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर (वायरीतला प्रवाह बाहेरूनच मोजणारा) अडकवला होता. 2000 वॅटचा गीझर लावला आणि आकडा शून्यावरून 4.1 अँपिअरवर गेला. बिघाड काहीच नव्हता. न्यूट्रल बार थेट डब्याच्या पत्र्यावर स्क्रूने कसलेला, त्यामुळे परतीचा जवळजवळ निम्मा प्रवाह अर्थमधून जात होता. घरातल्यांना पत्ताच नव्हता, कारण दिवे, पंखे सगळं व्यवस्थित चालू होतं.

आता त्या सल्ल्याप्रमाणे फक्त रॉड असलेल्या डीबीत येणारा न्यूट्रल सुटला असं समजा. जुन्या घरात सैल पडलेला स्क्रू काही दुर्मीळ नाही. गीझरचा रोध साधारण 26 ओहम, रॉडचा 25. दाब दोघांत वाटला जातो आणि त्या डीबीवरच्या प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर 110 व्होल्टच्या आसपास येतात. गीझर निर्दोष, वायरिंग निर्दोष, तरीही ओल्या हाताने नळ धरणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. वर आरसीसीबी असेल तर या जोडणीमुळे तो वारंवार पडतो. मग 'खराब आहे' म्हणून लोक तोच काढून टाकतात. याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

मोठ्या एमसीबीबद्दल एवढंच: एमसीबी वायरीला जपतो, उपकरणाला नव्हे. 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीवर 32 अँपिअरचा लावला, तर आधी वायर तापते, तीही भिंतीच्या आत.

सल्ल्यातला एक तुकडा मात्र बरोबर आहे. वेगळ्या इमारतीतल्या डीबीला स्वतःचा रॉड बहुतेकदा लागतोच. पण घरातल्याच दुसऱ्या डीबीला फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारा हव्यात, न्यूट्रल बार पत्र्यापासून अलग हवा.

तुमच्याकडे काय आहे ते वायरमनकडून तपासून घ्या. मुख्य स्विच बंद, वीज नसल्याची खात्री, मग डीबीत येणारा न्यूट्रल सोडवून न्यूट्रल बार आणि अर्थ बार यांच्यात मल्टीमीटर लावायचा. बीप आली तर दोन्ही कुठेतरी जोडलेले आहेत. डब्यात जोड सापडला नाही, तर सॉकेट एकेक करून उघडावे लागतात; जुन्या घरात अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलला मारलेला छोटासा लूप बहुधा त्यातच दडलेला असतो.