पाच हजार फोन आणि पंचवीस लाखांचा आकडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेत लोक स्वसंरक्षणासाठी वर्षाला किती वेळा बंदूक वापरतात, याचे फोनवर विचारून काढलेले आकडे फुगलेले असतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : मला बंदुका नकोशा आहेत म्हणून आकडाही नकोसा आहे, निवडणुकीचा कल हजार माणसांवरून कळतो, तर पाच हजारांवरून हे का कळू नये, आणि टेक्सासमधल्या तुमच्या मावसभावाने पिस्तूल दाखवून चोराला पळवलं, पोलिसांत गेला नाही, त्यामुळे सरकारी सर्वेक्षणाचा लहान आकडाच खोटा.

आधी माझी चूक. वर्षाला पंचवीस लाख वेळा हा आकडा ज्यांच्या सर्वेक्षणातून आला, ते गुन्हेशास्त्रज्ञ गॅरी क्लेक हे बंदूकवाल्यांच्या बाजूचे गृहस्थ आहेत, असा सूर माझ्या लेखात होता. तो चुकीचा होता. आपण नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेचे सभासद नाही, हे क्लेक यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. मार्क गर्ट्झ यांच्यासोबत 1993 साली त्यांनी केलेलं सर्वेक्षण निष्काळजीपणे केलेलं नव्हतं. 4,977 जणांशी बोलणं झालं, नाव विचारलं गेलं नाही, पोलीस, लष्कर आणि सुरक्षारक्षकांची कामं वगळली, प्राण्यावर उगारलेली बंदूक वगळली आणि ज्यांनी 'हो' म्हटलं त्यांना पर्यवेक्षकांनी पुन्हा फोन केला. गुन्हेशास्त्रज्ञ मार्व्हिन वुल्फगँग हे बंदूकबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनीही 1995 मध्ये लिहिलं की निष्कर्ष आवडला नाही तरी पद्धतीत खोट काढता येत नाही. तुम्ही त्यांचा दाखला दिलात, तो योग्यच आहे.

तरीही मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे, कारण माझी शंका प्रश्नावलीवर नाही आणि माणसांवरही नाही. जी गोष्ट शंभरात एखाद्याच्याच बाबतीत घडते, ती फोनवर मोजण्यात जी अडचण आहे, तिच्याबद्दल मी बोलते आहे.

निवडणुकीचं उदाहरण तुम्हीच दिलंत, तेच घेऊ. पन्नास टक्के लोक एका पक्षाचे आणि पन्नास टक्के दुसऱ्याचे असतील, तर इकडचे काही जण चुकून तिकडचं सांगतात आणि तिकडचे इकडचं. चुका बऱ्याचशा एकमेकींना खातात. आता समजा, हजारात एकानेच गेल्या वर्षी खरोखर बंदूक वापरली. पाच हजारांत असे पाच जण. ते पाचही लपून राहिले, तरी आकडा पाचनेच घसरेल. उरलेल्या 4,995 जणांपैकी शंभरात एकाने चुकून 'हो' म्हटलं, तर पन्नास होकार उगाच येऊन बसतात. पाचाचे पंचावन्न झाले. नमुना पाच हजारांचा घ्या की पन्नास हजारांचा, हे प्रमाण बदलत नाही. क्लेक-गर्ट्झ यांचा वर्षाला पंचवीस लाखांचा आकडा साधारण 1.3 टक्के होकारांवर उभा आहे, म्हणजे प्रत्यक्षात साठ-पासष्ट माणसांवर.

हार्वर्डच्या डेव्हिड हेमेनवे यांनी 1997 मध्ये हाच हिशोब मांडला आणि सोबत एक ताळाही करून पाहिला. क्लेक-गर्ट्झ यांच्या आकड्यानुसार सुमारे 8,45,000 घरफोड्यांत मालकाने बंदूक वापरली. गुन्हेपीडितांच्या मोठ्या सरकारी सर्वेक्षणानुसार त्या काळी वर्षाला साठ लाखांहून कमी घरफोड्या होत. त्यात नक्की कुणी घरी होतं अशा सुमारे तेरा लाख. त्यांपैकी दोनतृतीयांश घरांत माणसं झोपेतच राहिली. आणि बंदूक होती 42 टक्के घरांत. करा गुणाकार. जागा असलेला प्रत्येक बंदूकधारी घरमालक सरसावला असं धरलं, तरी आकडा पुरत नाही. घरफोड्याच मुळात कमी नोंदल्या जातात, असं क्लेक यांचं उत्तर आहे. तो मुद्दा रास्त आहे, पण एवढी मोठी दरी त्याने बुजते असं मला वाटत नाही.

'चुकून हो' म्हणजे खोटं बोलणं, असा अर्थ तुम्ही घेतलात आणि त्याचंच मला वाईट वाटलं. अमेरिकेत शिकत असताना मी संध्याकाळी विद्यापीठाच्या सर्वेक्षण-कक्षात फोन करायला बसत असे. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, संगणक देईल त्या क्रमांकावरच्या माणसाशी बोलायचं. घरातल्या सुरक्षिततेवरचे प्रश्न होते. एका वयस्क शेतकऱ्याने सांगितलं की गेल्या बारा महिन्यांत कोठारात शिरलेल्या माणसाला त्याने बंदूक दाखवून हाकललं. मी 'हो'ची खूण केली. पुढे बोलता बोलता तो म्हणाला, "तेव्हा माझी बायको होती." बायको जाऊन चार वर्षं झाल्याचं त्यानेच सुरुवातीला सांगितलं होतं. मी मागे जाऊन खूण पुसली. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्या रात्रीची भीती त्याच्यासाठी कालची होती. आपल्याकडेही "परवाच तर आलो होतो तुमच्याकडे" म्हणणारे पाहुणे मोजायला बसलं की तीन वर्षांपूर्वीचे निघतात. त्या शेतकऱ्याने बायकोचा विषय काढला नसता, तर माझी ती खूण तशीच राहिली असती आणि साऱ्या देशाच्या लोकसंख्येने गुणली गेली असती.

गुन्हेपीडितांचं ते सरकारी सर्वेक्षण ही चूक टाळायला त्याच घरी दर सहा महिन्यांनी जातं आणि मागच्या भेटीनंतरचंच विचारतं. त्याचा आकडा वर्षाला एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. इथे मात्र तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. ज्याने आधी 'माझ्यावर गुन्हा घडला' असं सांगितलं, त्यालाच तिथे प्रतिकाराबद्दल विचारतात. चोर काही करण्याआधीच पळाला, तर बरेच जण त्याला गुन्हा मानत नाहीत, म्हणजे तुमच्या मावसभावासारखी माणसं सुटतात. शिवाय विचारणारा सरकारचा, नाव-पत्ता त्याच्याकडे. ज्याच्याकडे परवान्याविना पिस्तूल आहे तो कशाला बोलेल? म्हणून तो आकडा कमी आहे, हे मीही धरून चालते. पण कमी असणं वेगळं आणि पंचवीसपट कमी असणं वेगळं.

फिलिप कुक आणि जेन्स लुडविग या संशोधकांनी 1994 मध्ये 2,568 जणांचं असंच फोन-सर्वेक्षण केलं. आकडा पुन्हा लाखो-लाखोंचा आला, आणि तो आपलाच असूनही त्यांनी स्वतः तो विश्वासार्ह मानला नाही. हाती आलेल्या आकड्याशी असं वागता येणं मला फार मोलाचं वाटतं.

आज तर फोनच उचलला जात नाही. प्यू संशोधन केंद्राच्या फोन-सर्वेक्षणांना 1997 मध्ये 36 टक्के प्रतिसाद मिळे, 2018 मध्ये तो 6 टक्क्यांवर आला. ज्याच्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट आहे तोच बोलायला थांबतो, ही धास्ती त्यामुळे आणखी वाढते.

मावसभावाची हकिगत मी खरी मानते, आणि तो सुखरूप राहिला याचा आनंदही आहे. ती नक्की कोणत्या वर्षी घडली, हे त्याला विचारून कळवाल का? क्लेक यांच्याबद्दलचं वाक्य मूळ लेखातून आज काढते आहे आणि ते का काढलं, हेही तिथे लिहिते आहे.