साथीला कोण आहे?

गाण्याच्या मैफलीची पत्रिका हातात आली की आपली मंडळी दोन गोष्टी बघतात. कोण गातंय, आणि साथीला कोण आहे. पेटीवर गोविंदराव पटवर्धन आहेत म्हणून नाटकाला गेलेली माणसं आमच्या ठाण्याच्या नौपाड्यात आजही भेटतील. भीमसेनजींच्या जुन्या ध्वनिमुद्रणात मधेच आप्पा जळगावकरांची पेटी एखादी जागा अलगद उचलते, तिथे बोट वर करून ‘ऐक, ऐक’ म्हणणारे काका तर प्रत्येक इमारतीत एक असतातच. आणि नेमकी हीच कानाची पक्की माणसं पियानो ऐकायला बसली की साथीदाराला साफ विसरतात. मला याचा राग येतो. जरा जास्त वाटेल, पण येतो.

निमित्त फ्रान्झ शूबर्ट या युरोपीय संगीतकाराच्या ‘फँटसी’ या पियानो-रचनेचं. एफ मायनर (म्हणजे एफ हा षड्ज आणि गंधार कोमल), एकच पियानो, शेजारी शेजारी बसलेले दोन वादक, साधारण वीस मिनिटं. १८२८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत शूबर्टने ती लिहिली, त्याच वर्षी ९ मे रोजी फ्रान्झ लाख्नर या मित्राबरोबर बसून वाजवली, आणि १९ नोव्हेंबरला तो गेला. वय ३१. रचना छापून आली ती पुढच्या वर्षी. कॅरोलिन एस्टरहाझी या आपल्या शिष्येला त्याने ती अर्पण केली होती, आणि इथेच सगळा घोळ सुरू होतो.

आमच्याकडे अधूनमधून रविवारी संध्याकाळी सात-आठ जण ऐकायला जमतात. बहुतेक सगळे हिंदुस्थानी संगीताचे. मी एकदा ही फँटसी लावली, मग वेगवेगळ्या जोड्यांची ध्वनिमुद्रणं लावत गेलो, व्हॉट्सॅपवर लिंकाही पाठवल्या. ऐकून लोक काय बोलतात, हा मग माझ्यासाठी रचनेइतकाच रंजक विषय होऊन बसला.

एक काकू म्हणाल्या, डोळ्यांत पाणी आलं. गंमत अशी की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या फक्त ‘छान आहे, संथ आहे’ एवढंच म्हणाल्या होत्या. मधल्या काळात कुणीतरी त्यांना कॅरोलिनची गोष्ट सांगितली. सरदार घराण्यातली मुलगी, गरीब शिक्षक, न जमणारं प्रेम. ‘मला तुम्ही काहीच अर्पण केलं नाहीत’ असं ती म्हणाली तेव्हा शूबर्टने ‘सगळं तुलाच तर अर्पण आहे’ अशा अर्थाचं उत्तर दिलं, अशी एक आठवणही सांगितली जाते. झालं, दुसऱ्या ऐकण्यात रुमाल निघाला. काकूंच्या रडण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या रडल्या ते गोष्टीला. वाजवणारे दोघं त्या दिवशी खोलीत असून नसल्यासारखे होते.

दुसरी प्रतिक्रिया वरच्या मजल्यावरच्या एका तरुण आईची. ‘यानेच मुलांचा मेंदू तल्लख होतो ना?’ नाही हो, ते दुसरं! तो मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा (काही भागांची वाद्यरचना), के. ४४८ क्रमांकाचा. १९९३ मध्ये ‘नेचर’ मासिकात कॅलिफोर्नियातल्या ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवरचा एक छोटा प्रयोग छापून आला. दहा मिनिटं तो सोनाटा ऐकल्यावर आकृत्यांच्या कोड्यांत मुलांना थोडे जास्त गुण मिळाले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तान्ह्या बाळांचा त्यात कुठे संबंधच नव्हता. तरी १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बालकांना शास्त्रीय संगीत वाटण्यासाठी एक लाख पाच हजार डॉलर मागितले. घोळ होण्याला कारणही आहे म्हणा. मरे पराहिया आणि राडू लुपू या पियानोवादकांच्या गाजलेल्या एकाच ध्वनिमुद्रिकेवर मोझार्टचा तो सोनाटा आणि शूबर्टची ही फँटसी, दोन्ही आहेत. बाईंनी मुलाला चुकून फँटसी ऐकवली तरी बिघडणार काहीच नव्हतं.

आता माझ्या मुद्द्याकडे. चार हातांच्या वादनात उजवीकडे बसतो तो प्रिमो, डावीकडचा सेकंडो. चाल बहुतांश प्रिमोकडे. फँटसीच्या सुरुवातीला सेकंडो खाली एक हलकी, न थांबणारी गुणगुण धरतो, आणि तिच्यावर प्रिमोची ती प्रसिद्ध चाल येते, खालच्या पंचमावरून षड्जावर अडखळत उडी घेणारी. ऐकणारा चालीवर फिदा होतो आणि तिथेच थांबतो. पण ती चाल रडकी वाटते की करारी, थकलेली वाटते की घाईत आहे, हे बरंचसं डावीकडचा ठरवतो. गुणगुण किती दबकी ठेवायची, किती समान ठेवायची, कुठे जरा रेंगाळायचं, हे सगळं त्याच्या हातात.

आणि पायात! हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. पियानोचं पेडल रिवाजाने सेकंडो सांभाळतो. म्हणजे उजवीकडच्याने वाजवलेला स्वर किती वेळ घुमत राहणार, पुढच्या स्वरात मिसळणार की त्याआधी पुसला जाणार, हे शेजारच्याचा पाय ठरवतो. घोडबंदर रोडच्या बाजूला एका पियानोच्या बाईंकडे मी हे अगदी जवळून पाहिलं. दोन मुली एका बाकावर. डावीकडचीचा पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचत होता, त्यासाठी ती बाकाच्या अगदी कडेवर टेकली होती. ती पेडल सोडायला जराशी उशीर करायची, आणि दर वेळी उजवीकडचीची चाल ओल्या शाईसारखी फिसकटायची. मागे बसलेले पालक उजवीकडचीकडे बघून चुकचुकत होते. बाई मात्र शांतपणे डावीकडे वाकल्या आणि मुलीच्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवून पाय कधी उचलायचा ते दाखवू लागल्या. पुढच्या खेपेला चाल स्वच्छ आली. शाबासकी कुणाला मिळाली ते सांगायला नको.

आमच्या पेटीवाल्या काकांची प्रतिक्रिया मला सगळ्यांत आवडली, कारण त्यांनी गोष्ट ऐकली नव्हती आणि नावंही विचारली नाहीत. सुरुवात ऐकून म्हणाले, किरवाणी रागाचा वास येतोय. थोड्या वेळाने तीच चाल मेजरमध्ये येते, तिथे ताडकन म्हणाले, ‘शुद्ध गंधार लावला की हो!’ आणि दुसऱ्या भागात, जिथे शूबर्ट एफ मायनर सोडून एकदम एफ शार्प मायनरमध्ये शिरतो, तिथे ते खुर्चीत सरसावले. ‘पांढरी चारवरून काळी तीनवर गेला. सगळा डेराच अर्धा स्वर वर नेऊन ठोकला.’ याला म्हणतात ऐकणं. पण काकांनीसुद्धा ‘गेला’ म्हटलं ते चालीबद्दल. जमीन सरकवली ती खालच्याने, त्याचा उल्लेख नाही. मी टोकलं तर म्हणाले, अरे ती साथ आहे, ती जाणारच बरोबर. पन्नास वर्षं पेटीची साथ केलेला माणूस हे म्हणतो!

व्हॉट्सॅपवरच्या प्रतिक्रियांचं तर वेगळंच प्रकरण. ‘जरा पोकळ वाटलं’, ‘टुंग टुंग वाटलं’, ‘चांगलं आहे पण भरीव नाही’. विचारलं कशावर ऐकलंत, तर मोबाइलच्या स्पीकरवर, तोही कोलशेतला जाणाऱ्या रिक्षात. त्या नखाएवढ्या स्पीकरला खालचे स्वर झेपतच नाहीत. म्हणजे सेकंडोच्या डाव्या हाताचा पार भुगा झालेला, आणि उरलेल्यावर यांनी मत दिलं. तबला बंद करून ख्याल ऐकायचा आणि वर म्हणायचं लय सापडत नाही.

जुगलबंदीची सवयही इथे नडते. आमच्यातल्या एकाने सरळ विचारलं, दोघांत सरस कोण? सवाल-जवाब, कुरघोडी, शेवटी दोघं मिळून तिहाई, असं काहीतरी तो शोधत होता. इथे कुरघोडीला जागाच नाही. प्रिमोचा डावा हात आणि सेकंडोचा उजवा हात एवढे जवळ येतात की एकाने पट्टी सोडल्याशिवाय दुसऱ्याला ती मिळत नाही. वेळेवर हात उचलणं हाही वादनाचाच भाग. शेवटच्या भागातल्या फ्यूग नावाच्या गुंफणीत मात्र खालचा वादक अगदी बरोबरीने पुढे येतो, एकच मुखडा कधी वर कधी खाली, आणि नेमकं तिथेच आमच्याकडच्या निम्म्या लोकांचं मत ‘इथे जरा गोंधळ होतो’. होणारच. इतका वेळ ज्याच्याकडे लक्ष दिलं नाही तो अचानक बोलायला लागला तर गोंधळ वाटणारच. तो फ्यूग ऐन भरात असताना तुटतो, क्षणभर काहीच नाही, आणि मग पहिली चाल परत येते. त्या शांततेत आमच्याकडे एकाने टाळी वाजवली होती. मला ती चूक वाटली नाही, उलट बरं वाटलं, निदान त्याला काहीतरी तुटल्याचं कळलं.

राहिला ‘सर्वांत चांगलं ध्वनिमुद्रण कुठलं’ हा सवाल. पराहिया-लुपू यांचं १९८४ मधलं, इंग्लंडमधल्या स्नेप गावच्या सभागृहातलं. बहुतेकांची पसंती याला, माझीही, पण लोक ‘काय गोड चाल वाजवलीय’ म्हणतात आणि मी म्हणतो खालची गुणगुण ऐका, ती इतकी हलकी आहे की चालीला मुद्दाम आवाज चढवावा लागतच नाही. त्याच परिसरातल्या ऑल्डबरो महोत्सवात साठच्या दशकात पियानोवादक रिक्टर आणि बेंजामिन ब्रिटन ही फँटसी वाजवायला बसले होते. ब्रिटन मोठा संगीतकार, पण पीटर पिअर्सच्या गाण्याला जन्मभर साथ केलेला माणूस. ते ध्वनिमुद्रण आमच्याकडे कुणालाच फारसं आवडलं नाही, जुनं आहे, आवाज खरखरीत आहे वगैरे. मला ते अस्वस्थ करतं आणि म्हणून मी पुन्हा पुन्हा लावतो. तिसरं पियानोवादक एमिल गिलेल्स आणि त्यांची मुलगी एलेना यांचं. यावर एकाचीच प्रतिक्रिया आली, ‘बापाने मुलीला पुढे जाऊ दिलंय.’ कोण कुठल्या बाजूला बसलंय हे त्याला माहीत नव्हतं, तरी त्याने निदान दोन माणसं ऐकली. इतक्या दिवसांत दोन माणसं ऐकलेला तो पहिलाच.

येत्या रविवारी हेच तिसरं ध्वनिमुद्रण पुन्हा लावणार आहे, यावेळी मोठ्या स्पीकरवर. कॅरोलिनची गोष्ट कुणी काढायची नाही. पेटीवाल्या काकांना मी डावीकडचा वादक नेमून दिलाय, वीस मिनिटं फक्त त्यालाच ऐकायचं. ते कबूल झालेत, पण अट घातलीय, नंतर त्यांच्या पेटीच्या साथीच्या जुन्या कॅसेटी आम्ही सगळ्यांनी ऐकायच्या. गायकाचं नाव ते आधी सांगणार नाहीत म्हणे. ज्यांना यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, खुर्च्या कमी आहेत.