गड्ड्याच्या खर्चीत एक पुस्तक बसवा की!

संक्रांत जवळ आली की सोलापुरातल्या पोरांचा एकच धोशा: गड्ड्याला कधी जायचं? गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा. होम मैदानावर पाळणे उभे राहतात आणि घरोघरी खर्ची ठरते. पाळणा, भजी, प्लास्टिकची बंदूक. बंदूक घरी पोचेपर्यंत मोडते, तरी कुणी कुरकुरत नाही. सण आहे म्हणतात. त्याच खर्चीत एक पुस्तक बसवा म्हटलं की मात्र, "शाळेची वाचली तरी पुष्कळ झालं!"

माझं म्हणणं, सणाला पोरांना पुस्तक द्या आणि ते त्यांनाच निवडू द्या. पहिल्या पानावर 'खूप अभ्यास कर' असलं काही लिहू नका.

मागं भाचीला पुस्तकांच्या दुकानात नेलं. तिनं सापांवरचं पुस्तक उचललं, वर फणा काढलेला नाग. दाजी म्हणाले, "ते ठेव गं, इंग्रजी व्याकरणाचं घे, उपयोगी पडेल." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "दाजी, पाळण्यात बसवताना उपयोग विचारला होता का?" हसले बिचारे, आणि नाग घरी आला. आता ती जेवताना घोणस अन् फुरसं कसं ओळखायचं ते सांगते. ताईला घास गिळवत नाही, तो भाग वेगळा.

आइसलँडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री पुस्तकं भेट द्यायची रीत आहे. दुसऱ्या महायुद्धात बाहेरच्या मालावर निर्बंध आले, कागद त्या मानानं मिळत होता, म्हणून भेटीला पुस्तकं आली आणि राहिली. आपल्याकडं तर दिवाळी अंक १९०९ पासून आहेत, बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून. पण दिवाळीत अंक मोठ्यांना आणि पोरांना फटाके, अशी आपली वाटणी!

आणि पुस्तक मराठीच हवं असंही नाही. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, कुठं कन्नड, कुठं उर्दू. ज्या सिद्धरामेश्वरांची ही यात्रा, त्यांची वचनं कन्नडच आहेत की. आजीला वाचून दाखवता येईल असं एखादं पुस्तक पोरांच्या हाती पडलं, तर आजीही खूश.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. वाण म्हणून गाळण्या नि डबे किती गोळा करायचे? बायकांबरोबर पोरं येतातच, त्यांना एकेक पातळ गोष्टीचं पुस्तक द्या. ताईनं यंदा मनावर घेतलंय. वहिनी अजून स्टीलच्या वाट्यांवर अडून आहेत, बोलणी चालू आहेत.